पौषातील पाला आणि अंगणातील झाडे
(ग्वाल्हेर येथे ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



ह्या व्याख्यानमालेत आतापर्यंत साहित्य, संगीत आणि इतिहास ह्या विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्यांच्यानंतर वनस्पतिशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला येथे उभे करण्यामागे एक निमित्त आहे. शताब्दीच्या स्मरणार्थ ग्रंथालयाच्या मागील अंगणात अकरा फळझाडे लावावीत, असे कार्यकारी मंडळाने ठरविले आणि झाडांची यादी करून ती माझ्याकडे मतासाठी पाठविली. यादी अशी आहे : नारळ तीन, सुपारी दोन, हापूस आंबा दोन, फणस एक, कोकम एक, चिकू एक आणि कागदी लिंबू एक.

ही यादी वाचली की ती करणाऱ्यांचे मन लगेच ओळखू येते. ज्यांच्या पूर्वजांनी दोनशे वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी घाट ओलांडला, त्यांच्या स्मरणातले अंगण अजून कोकणातलेच आहे. त्या ओढीला मी नावे ठेवणार नाही. परंतु झाड माणसाच्या आठवणीवर जगत नाही. ते माती, पाणी, ऊन आणि गारठा ह्यांवर जगते. उष्ण प्रदेशातील झाड थंड प्रदेशात न्यायचे असेल तर काय करावे लागते, हा प्रश्न जगभर माणसांनी दोन हजार वर्षे सोडवीत आणला आहे. त्यांनी काय केले ते पाहू आणि मग आपल्या यादीकडे परत येऊ.

प्रथम आपल्या गावाच्या हवेविषयी. ग्वाल्हेर हे मे-जूनमध्ये पंचेचाळीस अंशांच्या वर तापणारे गाव. येथे 'थंड हवेचा प्रदेश' हा शब्द उच्चारला तर कोणीही हसेल. पण पौष-माघातल्या एखाद्या निरभ्र रात्री येथे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, आणि सकाळी शेताच्या बांधावरचे गवत पांढरे दिसते. इकडचे लोक त्याला 'पाला पडला' असे म्हणतात. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने; इकडे पाला म्हणजे तीच पाने एका रात्रीत करपवून टाकणारा गारठा. एकाच शब्दाच्या ह्या दोन अर्थांत आपल्या आजच्या विषयाचे सारे सार आले आहे.

मोसमी अंदाजात आपण सरासरी तापमान ऐकतो. परंतु झाड सरासरीने मरत नाही. ते वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीने मरते. तीनशे चौसष्ट दिवस उत्तम गेले आणि एक रात्र चुकली, तर पाच वर्षांची मेहनत वाया जाते.

ती रात्र कशी असते? आकाश निरभ्र असते आणि वारा पूर्ण पडलेला असतो. दिवसभर जमिनीने साठविलेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते. ढग असले तर ते पांघरुणासारखे काम करतात. ढग नसले तर अडविणारे कोणी नसते. जमीन थंड झाली की तिला लागून असलेली हवा थंड होते. थंड हवा जड असते; ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. म्हणून एकाच बागेत खालच्या अंगाची झाडे करपतात आणि चार हात उंचावरची हिरवी राहतात. जमिनीपासून काही उंचीवर हवा उलट अधिक उबदार असते. कॅलिफोर्नियातील बागांत उंच खांबांवर मोठे पंखे बसवितात, ते ही वरची उबदार हवा खाली ओढण्यासाठी.

गारठ्याची इजा दोन प्रकारची असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पहिली गोठण्याची : पेशींमधील आणि पेशींभोवतालचे पाणी गोठून पेशी फुटतात किंवा शुष्क होतात. दुसरी इजा पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी होते. केळीची वाढ तेरा-चौदा अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत घड पोंग्यातच अडकतो आणि बाहेर आला तरी फळे बारीक राहतात. आपल्या घरातल्या शीतपेटीत ठेवलेली केळी काळी पडतात, त्याचे कारणही हेच. तेथे पाणी गोठलेले नसते, पण उष्ण प्रदेशातील पेशींची आवरणे तेवढ्या थंडीतही बिघडतात.

आता फळझाडांच्या प्रवासाकडे वळू. त्यांतील सर्वांत मोठा प्रवास लिंबूवर्गाचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार ह्या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि युन्नानचा पश्चिम भाग ह्या पट्ट्यात असावे. महाळुंग, पपनस आणि मँडरिन गटातील संत्री ही ह्या कुळातील प्रमुख आदिपुरुष मंडळी. बाकीची बहुतेक फळे ही त्यांची संकरज संतती. पपनस आणि मँडरिन ह्यांच्या संकरातून आंबट नारिंग आणि गोड मोसंबीवर्ग निर्माण झाला. नारिंग आणि महाळुंग ह्यांच्या संकरातून युरोपातले मोठे पिवळे लिंबू. आणि आपले कागदी लिंबू हेही महाळुंगाचेच अपत्य.

ह्यांतील पश्चिमेकडे सर्वांत आधी गेले ते महाळुंग. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस ह्याने इसवी सनापूर्वी ३१० च्या सुमारास त्याचे वर्णन 'मीडियाचे किंवा इराणचे फळ' असे केले आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे तेच हे. नारिंगाने तर स्वतःबरोबर आपले नावही नेले. संस्कृतातील 'नारंग' फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज' आणि स्पॅनिशमध्ये 'नारांखा' झाले. इंग्रजीतील 'ऑरेंज' त्याच घराण्यातले. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आशियातील चांगल्या प्रतीची गोड फळे युरोपात पोहोचविली, आणि मग ग्रीक, अरबी, फारसी ह्या भाषांत त्या फळाला पोर्तुगालचेच नाव मिळाले. 'नारंग' ज्या पूर्वेकडून गेला, तिकडे ते फळ परके नाव घेऊन परत येऊ लागले!

फळझाडांचा ध्यास घेतलेल्या एका राज्यकर्त्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. बाबराने इसवी सन १५०८-०९ मध्ये जलालाबादजवळ 'बाग-ए-वफा' नावाची बाग घातली. तेथे नारिंगाची झाडे होती. १५२४ मध्ये लाहोर आणि दिपालपूर घेतल्यावर त्याने केळीची रोपे नेऊन ह्याच बागेत लावली आणि ती उत्तम रुजली, असे तो आत्मचरित्रात नोंदवितो. हाच बाबर सप्टेंबर १५२८ मध्ये आपल्या ग्वाल्हेरला आला. येथील गडद तांबडी कण्हेर त्याला इतकी आवडली की त्याने तिची रोपे आग्र्याला नेऊन लावली. तेव्हा झाडांची देवघेव ही ह्या गावाला नवीन गोष्ट नाही.

अफगाणिस्तानच्या त्या सखल, आश्रित खोऱ्यात केळी जगली. पण फ्रान्समध्ये, जेथे हिवाळाभर बर्फ पडू शकते, तेथे नारिंग कसे जगवायचे? त्यावर उत्तर म्हणून युरोपात नारिंगगृहे बांधली गेली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध व्हर्सायचे. ज्यूल आर्दुँ-माँसार ह्या वास्तुविशारदाने ते १६८४ ते १६८६ ह्या काळात उभारले. मधले दालन सुमारे दीडशे मीटर लांब, कमानदार छत जवळजवळ तेरा मीटर उंच. तोंड दक्षिणेला, भिंती कित्येक मीटर जाड, मागील बाजू टेकडीच्या पोटात. तेथे हिवाळ्यात शेगडी न पेटविताही तापमान गोठणबिंदूच्या वर राहते. झाडे लाकडी पेट्यांत लावलेली असतात. मे महिन्याच्या मध्यास ती बाहेर आणतात आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा आत नेतात. तेथील राजवैभव बाजूला ठेवा. त्यातले तत्त्व आपल्या कामाचे आहे. दक्षिणेकडे तोंड असलेली जाड भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री ऊब देते. लष्करमधील आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकात जी नाजूक झाडे टिकत, ती ह्याच कारणाने. वाडे पडले आणि चौकोनी इमारती आल्या, तेव्हा ती ऊबही गेली.

इटलीच्या उत्तरेस गार्डा सरोवराच्या काठी सामान्य शेतकऱ्यांनी हेच काम शतकानुशतके केले. सरोवराचे प्रचंड पाणी आसपासची हवा फार थंड होऊ देत नाही. तरीही ती जागा जवळजवळ सेहेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर. लिंबासाठी ती फारच उत्तरेकडची. म्हणून डोंगरउतारावर दगडी पायऱ्या बांधून, उत्तरेकडून उंच भिंत घालून, दगडी खांबांच्या रांगा उभारीत. थंडी सुरू झाली की खांबांवर फळ्या आणि काचेच्या झडपा बसवून बाग झाकून टाकीत. फारच कडाका पडला तर आत विस्तव पेटवीत. जर्मन महाकवी गटे सप्टेंबर १७८६ मध्ये ह्या सरोवरातून नावेने गेला तेव्हा ह्या बागा पाहून त्याने त्यांचे वर्णन लिहून ठेवले. ह्या बागा पुढे ओसरल्या त्या केवळ थंडीने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे डिंक्या रोग आला, आणि इटलीच्या एकीकरणानंतर दक्षिणेकडचे स्वस्त लिंबू बाजारात आले. जे झाड माणसाच्या हातांवर जगते, त्याचे गणित ते हात परवडेनासे झाले की कोसळते, हा धडा त्यातून घ्यावा.

अननसाची कथाही अशीच. अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंड आणि इंग्लंडमधील धनिकांना आपल्या बागेत अननस पिकविण्याचे वेड लागले. खालून ऊब देण्यासाठी ते कातडी कमाविण्याच्या कामी वापरलेली ओकची साल खड्ड्यात भरीत. ती कुजताना महिनोन्महिने मंद उष्णता देई आणि कुंड्या त्यात पुरून ठेवीत. आपला शेणखताचा खड्डा हिवाळ्यात हात घातला तर कोमट लागतो, तत्त्व तेच. आइसलंडमध्ये तर १९४० च्या सुमारापासून जमिनीतील उष्ण पाण्याने तापविलेल्या काचगृहांत केळी लावली जात आहेत. पण तेथे घड पिकायला सुमारे दोन वर्षे लागतात, कारण ऊब विकत घेता आली तरी हिवाळ्यातला सूर्य विकत घेता येत नाही. उष्णतेइतकाच प्रकाशही झाडाचे अन्न आहे.

येथवर भिंतींची आणि विस्तवाची गोष्ट झाली. दुसरा मार्ग झाडाचा स्वभावच बदलण्याचा, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. डिसेंबर १८९४ आणि फेब्रुवारी १८९५ ह्या दोन महिन्यांत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दोनदा कडाक्याची थंडी पडली. डिसेंबरच्या तडाख्यानंतर मध्ये काही आठवडे हवा उबदार झाली; झाडांनी नवी पालवी काढली, रस वर चढला, आणि नेमक्या त्या अवस्थेत फेब्रुवारीतला तडाखा बसला. झाडे बुडख्यापर्यंत मेली. कित्येक कुटुंबे घरे सोडून गेली आणि बागा दक्षिणेकडे सरकल्या.

त्यानंतर वॉल्टर स्विंगल आणि हर्बर्ट वेबर ह्या शास्त्रज्ञांनी थंडीला टिकणारे संत्रे निर्माण करण्याचा चंग बांधला. चीनमध्ये त्रिदली नारिंग नावाचे एक काटेरी झाड आहे. लिंबाच्या कुळात असूनही ते हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, आणि पूर्ण झोपेत असताना उणे वीस अंशांखालची थंडीही सोसते. फळ मात्र कडू, तोंडात धरवत नाही. १८९७ पासून ह्या झाडाचा गोड संत्र्याशी संकर करण्यात आला. आलेली झाडे काटक निघाली. पण कडवटपणा काही गेला नाही. फळ म्हणून हा प्रयोग फसला. पण ह्याच संकरकुळातील 'ट्रॉयर' आणि 'कॅरिझो' ही झाडे पुढे खुंट म्हणून जगभर नावाजली. ज्याचे फळ कोणी खाल्ले नाही, त्याच्या मुळांवर आज लाखो गोड झाडे उभी आहेत. जपानमध्ये तर त्रिदली नारिंगाच्या खुंटावर 'उन्शू' संत्र्याचे कलम करण्याची पद्धत जुनीच आहे. हा खुंट हिवाळा येताच वरच्या कलमालाही झोपेकडे नेतो, आणि झोपलेले झाड थंडी अधिक सोसते.

म्हणून कलमाविषयी बोलताना आपण नेहमी वरच्या जातीचे नाव विचारतो, तसे खुंटाचेही विचारले पाहिजे. विदर्भातील संत्रा बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर तो नागपुरी संत्र्याचा डोळा भरतो. त्रिदली नारिंगाला मात्र चुनखडीची, विम्लधर्मी जमीन मानवत नाही; पाने पिवळी पडतात. आपल्या मातीत तो आणण्याचा मोह नको, आणि आपल्या थंडीला त्याची गरजही नाही.

लिंबूवर्गात थंडी सोसण्याची शक्ती सारखी नसते. सर्वांत नाजूक महाळुंग आणि कागदी लिंबू. शून्याखाली एक-दोन अंश गेले तरी त्यांची पाने व कोवळ्या फांद्या जळतात. त्यांच्याहून किंचित काटक पिवळे लिंबू, मग मोसंबीवर्ग, त्यानंतर नारिंग, आणि मँडरिन गटातील उन्शूसारखी संत्री सर्वांहून सोशीक. उत्तरेकडे आज जिकडेतिकडे दिसणारा किन्नो हाही मँडरिन गटातलाच. कॅलिफोर्नियात १९१५ साली त्याचा संकर झाला आणि १९३५ मध्ये तो लागवडीसाठी दिला गेला. तो करणाऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव 'फ्रॉस्ट', म्हणजे इंग्रजीत आपला पालाच!

श्रोतेहो, थंडी ही केवळ शत्रू आहे असा समज करून घेऊ नये. नागपूरचा बागायतदार आंबे बहार घेण्यासाठी झाडाचे पाणी तोडतो, त्याला ताण देतो. ताणामुळे वाढ थांबते, आणि नंतर पाणी मिळताच झाड फुलते. थंड प्रदेशात हेच काम हिवाळा करतो. कोकणात डिसेंबरची थंडी चांगली पडली तर आंब्याला मोहोर चांगला येतो, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. संत्र्याला केशरी रंग चढतो तोही गार रात्रींमुळेच. सदा उष्ण असलेल्या प्रदेशात पिकलेले फळही हिरवेच राहते. तेव्हा ह्या झाडांना थोडी थंडी हवीच असते. ती वेळेवर आणि मर्यादेत असावी, एवढेच.

कोणी विचारील की, पृथ्वीचे तापमान वाढते आहे, मग पाल्याची धास्ती कशाला? त्याचे उत्तर फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने दिले. उबदार हिवाळ्यांना सरावलेल्या दक्षिण टेक्सासमधील संत्र्या-मोसंब्यांच्या बागांचे त्या एका आठवड्याच्या थंडीने अतोनात नुकसान झाले. हिवाळा उबदार झाला की झाड लवकर जागे होते, आणि जाग्या झाडाला उशिरा आलेली थंडी अधिक झोंबते. १८९५ चा फेब्रुवारी हेच सांगून गेला होता.

आता आपल्या अंगणाकडे येतो.

नारळाविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. त्याला वर्षभर सरासरी सत्तावीस अंशांच्या आसपास उष्णता आणि दमट हवा लागते. आंबा किंवा लिंबू वरून करपले तरी खालून फुटतात. नारळाला एकच शेंडा असतो, आणि तो मेला की झाड संपले. समजा तो पौषातून वाचला, तरी ज्येष्ठातली कोरडी लू त्याला सोडणार नाही. सुपारी आणि कोकम ही सावलीची, ओलाव्याची झाडे. त्यांनाही येथे तेच दोन वैरी भेटतील. शिवाय कोकमाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. एकटे झाड लावून फळाची वाट पाहण्यात अर्थ नाही. नारळ आपण कलशावर ठेवावा, अंगणात लावू नये.

हापूसचे एक झाड अवश्य लावावे, पण कोकणातून तयार कलम आणू नये. येथील रायवळ आंब्याची कोय अंगणातच रुजवावी, तिचे सोटमूळ खोल जाऊ द्यावे, आणि दोन वर्षांनी तिच्यावर हापूसची काडी बांधावी. मुळे इथल्या मातीला सरावलेली असतील. थंडी मात्र हापूसच्या पानालाच सोसावी लागेल, म्हणून पहिली चार-पाच वर्षे त्याला आडोसा लागेल. फळे थोडी येतील, आणि त्यांना रत्नागिरीचा गंध येईलच असे वचन मी देणार नाही. त्याच्या सोबतीला एक दशहरी आणि एक आम्रपाली असावी. आम्रपाली हे उत्तरेकडची दशहरी आणि दक्षिणेकडचा नीलम ह्यांचे अपत्य. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात ते जन्मले. लहान अंगणासाठी तिच्याइतके सोयीचे झाड नाही.

फणस लावावा. पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये तो उत्तम होतो. कोवळेपणी मात्र त्याला जपावे लागते.

चिकूचे एक नव्हे, दोन लावावेत. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. पण आपल्याकडे त्याचे कलम खिरणीच्या खुंटावर करतात. खिरणी म्हणजे ह्याच मध्य भारताचे काटक, कोरड्या जमिनीत शतकानुशतके उभे राहणारे झाड. उन्हाळ्यात तिची पिवळी फळे आपल्या बाजारात येतात. समुद्रापलीकडचा चिकू भारतभर रुजला तो ह्या खिरणीच्या पायावर. म्हणून चिकूबरोबर एक खिरणीही लावावी, म्हणजे पुढच्या पिढीला दोन्ही शेजारी शेजारी पाहता येतील.

उरली चार झाडे : कागदी लिंबू दोन, किन्नो एक आणि महाळुंग एक. महाळुंग नाजूक, म्हणून त्याला वाचनकक्षाच्या दक्षिण भिंतीलगतची जागा द्यावी. अशी अकरा झाडे होतात.

त्यांची निगा कशी राखावी, तेही थोडक्यात सांगतो. अंगणाचा ईशान्य कोपरा सखल आहे. तेथे काही लावू नये. पावसाळा संपल्यावर नत्रयुक्त खत आणि छाटणी बंद, म्हणजे कोवळी फूट थंडीत सापडणार नाही. मार्गशीर्षात लहान झाडांवर तुराट्यांचे किंवा गवताचे छप्पर उभारावे, आग्नेय बाजू उन्हासाठी उघडी ठेवावी. आच्छादन जमिनीपर्यंत आले पाहिजे, कारण ऊब जमिनीतून येते. नुसता शेंडा गुंडाळून उपयोग नाही. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये. पाल्याची लक्षणे दिसली की संध्याकाळी आळ्यात पाणी द्यावे. ओली माती कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठविते. धुनी पेटविण्याची आपल्याकडे चाल आहे. तिच्या विस्तवाची ऊब उपयोगी पडते. नुसता धूर जमिनीतून निघून जाणारी उष्णता फारशी अडवीत नाही. लिंबूवर्गाच्या लहान कलमांच्या बुंध्याशी सांध्याच्या वरपर्यंत माती चढवावी, म्हणजे वरचा भाग गेला तरी कलम वाचते. थंडी सरताच ती माती काढावी, नाही तर डिंक्या लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे करपलेल्या फांद्यांना चैत्र पालवी फुटेपर्यंत कात्री लावू नये. मेलेली वाटणारी फांदी पुष्कळदा जिवंत असते.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत आणि खिडकीत कुंडीतले लिंबू किंवा कढीलिंब जोपासतात. त्यांच्यासाठीही दोन शब्द. थंडीत खिडकीतल्या झाडाची पाने गळतात तेव्हा पाणी वाढविण्याचा मोह होतो. काचेतून येणाऱ्या उन्हाने पाने तापतात, पण कुंडीतली माती थंड असते, आणि बारा-तेरा अंशांखाली मुळे काम करीत नाहीत. तेव्हा कुंडी फरशीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवावी आणि पाणी कमी करावे. दुसरे असे की, कढीलिंब लिंबाच्याच कुळातला आहे. लिंबूवर्गाचा ग्रीनिंग रोग पसरविणारी कीड त्याच्यावरही जगते. २००५ मध्ये हा रोग फ्लोरिडात आढळला आणि थंडीने जे केले नाही ते त्याने तेथील बागांचे केले. म्हणून अमेरिकेत कढीलिंबाच्या रोपांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. आजीच्या अंगणातले रोप सामानातून नेऊ नये. तिकडच्या परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यावे.

शेवटी कार्यकारी मंडळाला एक विनंती करतो. झाडे लावण्याचा समारंभ करणे सोपे असते. छायाचित्रे निघतात, वृत्तपत्रात बातमी येते. पण ही झाडे जगतील की नाही, हे समारंभाच्या दिवशी ठरणार नाही. ते पुढच्या पौषातील पाच-सात रात्री ठरवतील. त्या रात्री छप्पर नीट आहे ना, आळ्यात पाणी गेले ना, हे पाहायला कोणीतरी हवे. ते 'कोणीतरी' आज नाव घेऊन ठरवावे. एका झाडामागे एक सभासद कुटुंब, अशी अकरा कुटुंबे मला पुरेत.

आणि एक तापमापक अंगणात, जमिनीपासून चार फुटांवर बसवावा. त्याच्यासाठी एक नोंदवही ठेवावी. कार्तिक ते फाल्गुन रोज सकाळी ग्रंथालय उघडताना रात्रीचे किमान तापमान तीत लिहावे. ह्या संस्थेने शंभर वर्षे प्रत्येक पुस्तकाची देवघेव चोख लिहून ठेवली आहे. नोंदी ठेवण्याची सवय आपल्याला कोणी शिकवायला नको. दहा वर्षांनी आपल्या अंगणातल्या थंडीविषयी वेधशाळेलाही सांगता येणार नाही ते ही वही सांगेल, आणि पुढे येथे कोणते झाड लावावे ह्यासाठी कोणालाही व्याख्यात्याला बोलवावे लागणार नाही.